एकोणपन्नासावे प्रकरण

उपवासकाळ म्हटला की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम उभी राहते ती वर्ज्य पदार्थांची यादी. राखेच्या बुधवारपासून पास्काच्या सणापर्यंत चालणारे हे चाळीस दिवसांचे व्रत. गोव्यात त्यास करेज्म म्हणतात. संसारी माणसाला या काळात काय सोडावे हे सांगणे फारसे कठीण नाही. परंतु ज्यांनी आपले सारे आयुष्यच प्रार्थनेस वाहिले आहे, त्या मठवासी मंडळींनी या दिवसांत अधिक ते काय करावे? बारा महिने ठरल्या वेळी स्तोत्रे म्हणणाऱ्याच्या प्रार्थनेत भर ती कसली घालावयाची?

या प्रश्नाचे आमच्या वाचनात आलेले सर्वांत समर्पक उत्तर संत बेनेडिक्ट यांच्या नियमग्रंथात आहे. सहाव्या शतकात, इटलीतील माँटे कॅसिनो येथील मठात राहून त्यांनी तो लॅटिनमध्ये रचला. त्याची प्रकरणे ७३. पैकी ४९ वे उपवासकाळाविषयी आहे. धर्मशास्त्राचा निवाडा करण्याचा अधिकार आम्हांस नाही. भाषा शिकविण्यात हयात घालविलेल्या माणसाने एखादा उतारा जसा वाचावा, तसे आम्ही हे प्रकरण वाचले.

प्रकरण छापील एका पानात सहज मावेल एवढेच आहे. त्याचा आरंभ एका मोठ्या अपेक्षेने होतो: मठवासीयाचे जीवन सर्वकाळ उपवासकाळासारखेच असावयास हवे. पण ते वाक्य तेथेच संपत नाही. ‘जरी’ने सुरू झालेले हे वाक्य ‘तरी’वर येते व एवढे बळ थोड्यांच्याच अंगी असते, हे मोकळेपणाने मान्य करते. यापुढचे क्रियापद विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. लेखक ‘आम्ही आज्ञा करतो’ असे न म्हणता, निदान या दिवसांत तरी जीवन निर्मळ राखावे, असे आर्जवाने सुचवितो. आदर्श आणि माणसाची अशक्तता यांस एकाच वाक्यात बसविणे हे भल्याभल्या उपदेशकांस साधत नाही. हे प्रकरण पाचव्या शतकातील पोप लिओ पहिले यांच्या उपवासकाळातील प्रवचनांचे ऋणी आहे, हे अभ्यासकांनी दाखविले आहे. परंतु हे ऋण कोठे खुपत नाही. प्रवचनातील वक्तृत्व गाळून उरला आहे तो निवळ सल्ला.

हा सल्ला कोणता? सजल नेत्रांनी प्रार्थना, वाचन, अंतःकरणातील अनुताप व संयम. त्यापुढे प्रत्येकाने आपल्या इच्छेने काही अर्पावे. अन्न, पेय, झोप, बडबड वा थट्टामस्करी यांतून थोडे वजा करावे. या यादीचा क्रम पाहा. ती पोटापासून निघते आणि जिभेच्या चाळ्यांपर्यंत येऊन थांबते. मितभाषण हे मिताहाराच्या पंक्तीस बसविले आहे. प्रार्थनेस जागा करून द्यावयाची तर आधी गलका कमी केला पाहिजे, हे लेखक बोलून दाखवीत नाही. यादीच ते सांगते.

ज्या ग्रंथाचा बेनेडिक्ट यांनी आधार घेतला असे बहुतेक अभ्यासक मानतात, त्या ‘गुरूचा नियम’ या अनामिक ग्रंथाशी येथे तुलना करणे उद्बोधक ठरते. त्यात उपवासकाळासाठी नेहमीच्या प्रार्थनांच्या मधल्या वेळांत जादा प्रार्थना घालून दिल्या आहेत. बेनेडिक्ट यांनी संख्या गाळली आणि ती जागा व्यक्तीच्या इच्छेस दिली. २० व्या प्रकरणात त्यांनी प्रार्थना आखूड व शुद्ध असावी असेही म्हटले आहे. प्रार्थना वाढविणे आणि ती खोल करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे ज्याने ओळखले त्यालाच असे संपादन सुचते.

आणखी एक विशेष. व्रताच्या या एवढ्याशा प्रकरणात आनंद हा शब्द दोनदा येतो: एकदा अर्पणाच्या संदर्भात, एकदा पास्काच्या प्रतीक्षेच्या संदर्भात. उदास चेहऱ्याचे व्रत या लेखकाला मान्य नाही.

वाचनाचा तपशील मात्र आदल्या, म्हणजे ४८ व्या प्रकरणात आहे. उपवासकाळाच्या आरंभी प्रत्येकास एकेक ग्रंथ द्यावा आणि त्याने तो क्रमाने, अथपासून इतिपर्यंत वाचावा. हे ग्रंथ म्हणजे बायबलचेच निरनिराळे भाग असावेत, असे काही अभ्यासक मानतात. ते काही असो. आम्हांस मोल वाटते ते ‘क्रमाने आणि संपूर्ण’ या अटीचे. आवडते उतारे निवडून वाचणारा पुष्कळदा स्वतःचाच आवाज ऐकत असतो. जो सलग वाचतो, त्यास न रुचणारे पानही ओलांडता येत नाही. प्रार्थना म्हणजे ऐकणे असेल, तर तिची तालीम येथेच होते. अनेक बेनेडिक्टाइन मठांत आजही हा ग्रंथ देण्याचा प्रघात आहे.

येथे आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. आमच्या शाळेत आम्ही कित्येक वर्षे सर्वाधिक पुस्तके वाचणाऱ्या विद्यार्थ्यास पारितोषिक देत आलो. एका वर्षी पहिल्या आलेल्या मुलास एका पुस्तकाविषयी सहज विचारले, तेव्हा त्यास नायकाचे नावही आठवेना. दोष त्याचा नव्हता. आम्ही संख्या मागितली, त्याने संख्या दिली. वास्तविक चातुर्मासात पोथी लावून रोज ठरावीक भाग ऐकणाऱ्या आमच्या वडीलधाऱ्यांस हे कळत होते. १६१६ साली राशोल येथे छापलेले फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ही आपल्या ओव्यांच्या बांधणीमुळे असेच सलग श्रवणाचे पुस्तक आहे. संप्रदाय निराळे, पण ग्रंथाने माणसाच्या आत उतरावे म्हणून त्यास वेळ द्यावा लागतो, ही जाण एकच.

या प्रकरणांत सारेच आम्हांस पटले असे नव्हे. वाचनाच्या वेळी कोणी आळसात वा गप्पांत वेळ दवडीत नाही ना, हे पाहण्यासाठी एक-दोन ज्येष्ठांनी मठात फिरावे, असे ४८ वे प्रकरण सांगते. पहाऱ्याखालचे वाचन अंतःकरणापर्यंत पोहोचेल काय, ही शंका आमच्या मनातून जात नाही. आम्ही स्वतः वर्गांवरून तसे फिरलो आहोत, म्हणूनच जात नाही. दुसरी अट त्याहून कठीण वाटेल: आपण जे अर्पिणार ते मठाधिपतीस सांगून, त्याच्या संमतीने करावे, एरवी ते अहंता व पोकळ मोठेपणा गणले जाईल. प्रथम वाचनी हे मनाच्या स्वातंत्र्यावरील आक्रमण भासते. परंतु विचारान्ती आमचे मत बदलले. आपले व्रत दुसऱ्या कोणास सांगावे लागले की त्याचा आकार आपोआप मानवी होतो. अवाच्या सव्वा संकल्प सांगतानाच लटका पडतो, आणि लहानसा संकल्प कोणी जाणते आहे म्हणून निभावतो. एकत्र राहणाऱ्या मंडळींत एकट्याची प्रार्थनाही सर्वथा खाजगी नसते, एवढेच यातून सुचवावयाचे आहे.

उपदेशपर गद्याकडे आपल्या समीक्षेचे सहसा लक्ष जात नाही. त्यात साहित्यगुण शोधणे व्यर्थ, असा समज आहे. या एका पानाने तो समज आमच्यापुरता तरी दूर केला. थोडे वजा करावे, एकच ग्रंथ हाती धरावा, तो पुरता वाचावा, आपला संकल्प कोणास तरी सांगावा आणि आनंदाने वाट पाहावी, एवढेच ते सांगते. आणि सांगते तेही थोडक्यात. येत्या वर्षापासून आमच्या शाळेतील ते पारितोषिक बंद होईल. त्याऐवजी प्रत्येक मुलास वर्षारंभी एक पुस्तक मिळेल, आणि शिक्षकांसही. पहिले आम्ही घेऊ.