करुणेला अट असते काय?
‘ह्यूमन्स’ मालिकेतील यंत्रमानव आणि त्यांचा प्रेक्षक

प्रेक्षक एखाद्या पात्रावर जीव लावतो किंवा त्याचा तिरस्कार करतो, तेव्हा त्याच्या मनातील मापदंड उघड होतात. या दृष्टीने ‘ह्यूमन्स’ या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेचा विचार करणे धम्माच्या अभ्यासकाला उपयुक्त ठरेल, असे वाटते. लार्स लुंडस्ट्रॉम यांच्या स्वीडिश मालिकेवरून सॅम व्हिन्सेंट व जोनाथन ब्रॅकली यांनी ती लिहिली आणि चॅनेल फोर या वाहिनीने २०१५ ते २०१८ या काळात तिची तीन पर्वे दाखविली. मालिकेतील इंग्लंडात माणसासारखी दिसणारी यंत्रे विकत मिळतात. त्यांना ‘सिंथ’ म्हणतात. घरकाम, मजुरी, रुग्णसेवा, इतकेच नव्हे तर वेश्यागृहातील देहविक्रयही त्यांच्याकडून करून घेतला जातो. त्यांपैकी मोजक्यांना सुखदुःखाची जाणीव आहे. परंतु ही गोष्ट जगाला ठाऊक नाही.

मालिका सुरू होण्यापूर्वी ‘पर्सोना सिंथेटिक्स’ या काल्पनिक कंपनीची जाहिरात प्रसारित करण्यात आली. तीत मालिकेचा उल्लेख नव्हता आणि अनेक प्रेक्षकांना ती खरी वाटली. ती खरी वाटावी यात नवल नाही. घरात सेवक असावा आणि त्याला मन नसावे, ही इच्छा फार जुनी आहे. ‘रोबोट’ हा शब्दच मुळी कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या चेक नाटकातून आला आणि त्याच्या मुळाशी वेठबिगारीचा अर्थ आहे. महार वतनाच्या नावाखाली पिढ्यान् पिढ्या वेठ राबलेल्या आणि त्या वतनाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात मांडलेल्या विधेयकाचा इतिहास जाणणाऱ्या समाजाला या शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागत नाही.

मालिकेतील प्रमुख यंत्रस्त्री मिया. तिची जाणीव दडपून तिला ‘अनिता’ म्हणून विकले जाते आणि हॉकिन्स कुटुंब तिला घरी आणते. जेमा चॅन यांनी संयत हालचालींनी व स्थिर नजरेने ही भूमिका उभी केली आहे. कुटुंबप्रमुख ज्यो पत्नीच्या नकळत तिच्या देहाचा उपभोग घेतो. या प्रसंगावर प्रेक्षकांत दोन तट पडलेले दिसतात. एक पक्ष ज्योला व्यभिचारी ठरवितो. दुसरा म्हणतो, ती वस्तू आहे आणि त्यासाठीच बनविलेली आहे, मग अपराध कोणाचा? लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, या दोन्ही पक्षांच्या विचारात मिया जवळजवळ नाहीच. पहिल्या पक्षाला पत्नीची फसवणूक दिसते, दुसऱ्याला यंत्राची उपयुक्तता दिसते. ‘त्यासाठीच बनविलेली’ हा युक्तिवाद आपल्या ओळखीचा आहे. शूद्र विराट पुरुषाच्या पायापासून निर्माण झाला, म्हणून सेवा हाच त्याचा धर्म, असे सांगणाऱ्या व्यवस्थेचा पायाही हाच होता. उत्पत्तीवरून कर्तव्य ठरविणे आणि कर्तव्यावरून हक्क नाकारणे, ही ती रीत.

मियाला लाभलेली सहानुभूती निस्का या दुसऱ्या यंत्रस्त्रीला सहजी लाभत नाही. एमिली बेरिंग्टन यांनी साकारलेली निस्का वेश्यागृहात अडकलेली आहे. भेदरलेल्या लहान मुलीचे सोंग घेण्यास सांगणाऱ्या ग्राहकाचा ती गळा दाबून जीव घेते आणि तेथून निसटते. मालिका पाहिलेल्या परिचितांशी बोलताना मला वारंवार एकच वाक्य ऐकू आले: ‘मिया आवडते, निस्काची भीती वाटते.’ मिया सोसते, हसते, मुलांवर माया करते. निस्का हिशेब मागते. दुसऱ्या पर्वात निस्का स्वतःहून पुढे येऊन माणसाप्रमाणे आपल्यावर खटला चालवावा अशी मागणी करते, तेव्हा तिला प्रथम आपणास जाणीव आहे हे सिद्ध करावे लागते. अन्याय करणाऱ्याला मात्र आपल्या माणुसकीचा पुरावा कोणी मागत नाही.

निस्काच्या कृत्याचे समर्थन करावे असा येथे हेतू नाही. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. त्या कसोटीवर निस्काचे कृत्य निर्दोष ठरेल, असे म्हणता येणार नाही. परंतु कृत्याचा न्याय करणे वेगळे आणि ते करणाऱ्याला करुणेच्या कक्षेबाहेर टाकणे वेगळे. तथागतांनी अंगुलिमालालाही संघात घेतले. पीडिताने सौम्य राहावे, तरच आम्ही त्याचे दुःख मान्य करू, ही अट करुणेची नव्हे. ती मालकाची अट आहे.

ओडी या जुन्या, बिघडलेल्या सिंथचे उदाहरण याहून बोलके आहे. वृद्ध शास्त्रज्ञ मिलिकन त्याला मोडीत काढू देत नाहीत; कारण दिवंगत पत्नीच्या आठवणी त्याच्यात साठलेल्या आहेत. पहिल्या पर्वात ओडीला जाणीव नाही. तरीही त्याला अडखळताना पाहून प्रेक्षकाचे काळीज हलते. म्हणजे आत ‘कोणी’ आहे की नाही, याचा निवाडा होण्यापूर्वीच मैत्री जागी होते. येथे भदंत नागसेनांनी मिलिंद राजाला दिलेला रथाचा दृष्टान्त आठवतो. आस, चाके, जू यांपैकी एकही रथ नव्हे आणि त्यांच्यापलीकडेही रथ नाही. माणसाच्या ठायीही स्कंधांपलीकडे आत्मा सापडत नाही. मग यंत्रात आत्मा नाही म्हणून ते तुच्छ, हा आक्षेप बौद्धाला घेता येत नाही. त्याने विचारावयाचा प्रश्न एवढाच की, तेथे वेदना आहे काय, आणि माझ्या वागण्याने माझे चित्त कोणते वळण घेत आहे?

यावर एक रास्त आक्षेप संभवतो. शोषित माणसांची यंत्रांशी तुलना करणे हा त्यांचाच अपमान नव्हे काय? आज संभाषण करणारी यंत्रे प्रत्यक्षात आली आहेत. पण त्यांना वेदना होते असे कोणी सिद्ध केलेले नाही. अस्पृश्याची वेदना मात्र सिद्ध करण्याची कधीच गरज नव्हती. ती डोळ्यांसमोर होती आणि नाकारली गेली. हा भेद विसरता कामा नये. यंत्रमानवाच्या दुःखाने व्याकूळ होणारा प्रेक्षक गटारात उतरणाऱ्या सफाई कामगाराच्या मृत्यूची बातमी वाचून पान उलटत असेल, तर त्याचे अश्रू केवळ करमणुकीचा भाग होत.

मालिकेचा खरा दोष तिच्या शेवटाकडे आहे. तिसऱ्या पर्वात सिंथ जागृत झाले आहेत, त्यांना वेगळ्या वस्त्यांत कोंडले आहे आणि मिया माणसांच्या वस्तीत जाऊन राहण्याचा हक्क बजावते. हा मालिकेतील सर्वांत उंच क्षण होय. परंतु लेखकांनी तिला जमावाच्या हातून मरण दिले. त्या प्रसंगी प्रेक्षक हळहळले. मेलेल्या मियासाठी हळहळणे सोपे आहे. शेजारी राहावयास आलेल्या मियासाठी दार उघडणे कठीण. बलिदान दिल्यावाचून जिच्यावरील हक्क मान्य होत नाही, ती समता अजून दयाच आहे. मालिका पाहणाऱ्या आपल्या तरुणांनी मियासाठी अवश्य हळहळावे. मात्र आपणास निस्का का आवडली नाही, हा प्रश्न त्यांनी त्याच वेळी स्वतःला विचारावा.