छपरावरचा उंदीर

इंग्लंडच्या डर्बीशायरमधल्या ईम गावात, एका जुन्या मेथडिस्ट चॅपेलमध्ये संग्रहालय आहे आणि त्याच्या छपरावर वातकुक्कुटाच्या जागी उंदीर बसवला आहे. ज्याच्या पिसवांनी आणलेल्या प्लेगने गाव खाल्लं असं मानतात, तोच माथ्यावर! गावाने चालवलेल्या संग्रहालयालाच असा मिस्कीलपणा परवडतो. क्लॅरेन्स डॅनियल या स्थानिक इतिहासकाराने हौसेने जमवलेल्या संग्रहातून हे उभं राहिलं, १९९४ साली उघडलं आणि स्वयंसेवकांच्या बळावर चालतं.

कथा सर्वश्रुत आहे. सप्टेंबर १६६५ मध्ये लंडनहून शिंप्याकडे पिसवांनी भरलेलं कापड आलं आणि त्याच्या घरी राहणारा जॉर्ज विकर्स पहिला गेला. पुढच्या चौदा महिन्यांत सुमारे २६० माणसं गेली. पण संग्रहालयाच्या मांडणीचं मर्म या आकड्यात नाही. चर्चच्या नोंदवहीतली नावं घेऊन ती घराघरांतून फिरते. एलिझाबेथ हॅनकॉकने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं पुरली, हे वाचताना २६० ही संख्या डोक्यातून पुसली जाते. कानावर रेंगाळतं ते एकच आडनाव. गावात मार्गारेट ब्लॅकवेलचीही गोष्ट सांगतात: तापात दूध समजून डुकराची गरम चरबी प्यायली आणि वाचली म्हणे. या दोघी एकाच गावच्या, म्हणून मृत्यूच्या कथेत हसूही खपून जातं.

मराठी वाचक मात्र वेशीवरच्या दगडापाशी अडखळतो. रोग बाहेर जाऊ नये म्हणून त्याच्या खळग्यांत व्हिनेगर ओतून नाणी ठेवायची, बाहेरच्यांनी धान्य ठेवून जायचं. आपल्याकडे प्लेग म्हटला की १८९७ चं पुणं, ब्रिटिश अधिकारी रँड आणि घरात घुसणारे सोजीर आठवतात. इथे कोंडून घ्यायचं गावाने स्वतःच ठरवलं. रेक्टर विल्यम मॉम्पेसन आणि पदावरून दूर झालेला प्युरिटन थॉमस स्टॅन्ली, एरवी एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या दोन पंथांचे हे दोघे, त्यासाठी एकत्र आले.

या त्यागकथेवर नंतरच्या लेखकांनी बराच मुलामा चढवला, हे खरं. मॉम्पेसनने स्वतःची मुलं आधीच बाहेरगावी धाडली होती. पत्नी कॅथरीन मागे राहिली आणि ऑगस्ट १६६६ मध्ये गेली. मला हा माणूस पुतळ्यापेक्षा असा, अर्धा भ्यालेला, जास्त पटतो.

संग्रहालय प्लेगपाशी थांबत नाही, ही त्याची खरी जाण. पुढे शेती, रेशीम-सुताचं विणकाम, बुटांचे कारखाने, शिशाच्या खाणी येतात. प्रेक्षक इथे बहुधा पाय उचलत असावेत, पण शोकांतिकेनंतरही गावाला पोट होतं, हे याच भागात कळतं. डॅनियलने जमवलेले खनिजांचे नमुनेही मग अवांतर वाटत नाहीत. शिशाच्या खाणींवर जगलेल्या गावात दगड गोळा करणारा निपजायचाच.