‘मिळणे’ आणि ‘मालकी’ : वारसाविषयक कायद्याच्या मराठीची चिकित्सा

कायद्याची मराठी संस्कृतप्रचुर व म्हणून दुर्बोध आहे, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो खोटा नाही. परंतु वरवरचा आहे. अपरिचित शब्दापाशी वाचक थबकतो व जाणत्यास विचारतो. खरा घात परिचित शब्द करतो, कारण तो कळला असे वाटते. ‘वारस’ हा असा शब्द होय.

मीरा-भाईंदरसारख्या शहरात सहकारी गृहनिर्माण संस्थांची दाटी आहे. सभासद तेथे नामनिर्देशनाचे पत्रक भरतो. व्यवहारात त्यालाच ‘वारस लावणे’ म्हणतात. समजा, एखाद्याने लग्नापूर्वी भावाचे नाव लावले व पुढे ते बदलले नाही. त्याच्या पश्चात ‘घर भावाला मिळेल’ असे सारेच म्हणतात. येथे ‘मिळणे’ या क्रियापदाची संदिग्धता लक्षात घ्यावी. हाती येणे आणि मालकीचे होणे, हे दोन्ही अर्थ ते एकाच रूपात वाहते. कायदा मात्र या दोहोंत भेद करतो. विधवेचा हक्क त्या भेदावरच उभा असतो; आणि तो भेद तिला कोणी सांगितलेला नसतो.

हा भेद अन्यत्रही दिसतो. २०१९ च्या वेतन संहितेनुसार मृत कामगाराचे राहिलेले वेतन नामनिर्देशित व्यक्तीस दिले, की कारखानदार दायित्वातून मुक्त होतो. ही तरतूद देणाऱ्याची सुटका सांगते. वारसांमधील वाटणी सांगत नाही. समभागांच्या बाबतीत नामनिर्देशनाने वारसाहक्क बदलत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने शक्ती येझदानी खटल्यात २०२३ मध्ये दिला. प्रोबेटचेही तसेच. बृहन्मुंबईतील मिळकतीविषयी हिंदूने केलेल्या मृत्युपत्राच्या आधारे न्यायालयात हक्क सांगण्यास पूर्वी प्रोबेट आवश्यक होते; दहिसरची हद्द ओलांडून मीरा-भाईंदरात केलेल्या व तेथील मिळकतीपुरत्याच मृत्युपत्रास ते आवश्यक नव्हते. ही सक्ती संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये उठविली. परंतु प्रोबेटने मृत्युपत्राचा खरेपणा सिद्ध होतो. मिळकत मुळात मृताची होती काय, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

यावर कोणी म्हणेल, लोकांच्या बोलण्यास नियम कसे घालावेत? ते घालू नयेतच. पत्रकाच्या भाषेस मात्र घालता येतात, आणि त्याचा नमुना कायद्यातच आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने, वारसांना सभासदत्व मिळेपर्यंत नामनिर्देशित व्यक्तीस केवळ ‘तात्पुरता सभासद’ मानले आहे. ‘तात्पुरता’ हा शब्द कोशातून काढावा लागला नाही. तो घराघरांत आहे, आणि भावाच्या हक्काची मर्यादा तो एका दमात सांगतो.

परिभाषेची कसोटी ती शुद्ध आहे की नाही ही नव्हे. तिच्यामुळे सही करणाऱ्यास आपण काय देत आहो हे कळते काय, ही होय. नामनिर्देशनाच्या प्रत्येक पत्रकावर सहीच्या वर एवढे एक वाक्य छापावे : ‘येथे नाव लिहिल्याने ती व्यक्ती वारस ठरत नाही.’