खेळ आणि त्याचं यंत्र

चिंचोळी एमआयडीसीत हे सांगायला नको: माग बदलला की कापडाचा पोत बदलतो. हातात धरून खेळायची यंत्रं बनवणाऱ्या निन्टेंडोनं आपले खेळ इतरांच्या यंत्रांवर द्यावेत का, हा प्रश्न आम्ही तिथूनच बघतो. २०१६ साली मारिओ आयफोनवर आला. पण तिथं तो आपोआप धावतो. आपण बोट टेकवून फक्त उडी मारायला लावायची. म्हणजे आला तो दुसराच खेळ, हो की नाही? सेगानं २००१ मध्ये यंत्रं बनवणं सोडलं. सॉनिक प्रतिस्पर्ध्याच्या घरी गेला आणि जगला. पण ती हतबलता होती, धोरण नव्हे. यंत्र न परवडणाऱ्या पोराची तक्रार मात्र खरी आहे. म्हणून आम्ही म्हणतो, जुने खेळ सगळीकडे द्यावेत. नवे मात्र आपल्याच यंत्रावर घडवावेत.