न कळण्याचे समीक्षामूल्य : एमसी स्टॅनची लोकप्रियता आणि ज्येष्ठ श्रोता

बीजसंज्ञा : जनसंगीत, रॅप, अभिरुची, वस्तीची भाषा, ज्येष्ठ श्रोता

प्रस्तावना

दि. १२ फेब्रुवारी २०२३ रोजी 'बिग बॉस' या हिंदी दूरचित्रवाणी कार्यक्रमाच्या सोळाव्या पर्वाचा निकाल लागला. प्रेक्षकांच्या मतांवर पुण्याच्या ताडीवाला रोड परिसरात वाढलेला तरुण रॅपर एमसी स्टॅन विजेता ठरला व ३१ लाख ८० हजार रुपयांच्या पारितोषिकाचा मानकरी झाला. उपविजेता शिव ठाकरे हा अमरावतीचा. तो २०१९ मध्ये मराठी 'बिग बॉस'चा विजेता ठरला होता. यवतमाळ जिल्ह्यातील ज्येष्ठ प्रेक्षकांना शेजारच्या जिल्ह्यातील मुलाचे यश उमगत होते. स्टॅनचे यश मात्र त्यांच्या आकलनापलीकडचे होते. 'हा गातो तरी काय, आणि पोरांना त्यात आवडते काय?' हा प्रश्न घरोघरी आणि महाविद्यालयांच्या प्राध्यापक-कक्षांतही विचारला गेला. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे स्वरूप तपासण्याचा व त्यामागील अभिरुचीची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

अनाकलनाची परंपरा

नव्या गाण्याविषयी ज्येष्ठांना वाटणारे नवल मराठी समाजाला नवे नाही. बा. वि. केसकर हे १९५२ ते १९६२ या काळात केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री होते. त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळपास हद्दपार झाली. श्रोत्यांनी रेडिओ सिलोनची वाट धरली आणि अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला 'विविध भारती' सुरू करावी लागली. केसकरांना जे संगीत अभिरुची बिघडवणारे वाटले, तेच आजच्या ज्येष्ठांना 'सुवर्णकाळ' वाटते.

हार्मोनियमची कथा याहून बोलकी आहे. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी मराठी रंगभूमीवर प्रतिष्ठित केलेल्या या वाद्याला १९४० मध्ये आकाशवाणीने बंदी घातली. १९७१ नंतर ती शिथिल झाली. या वाद्याचे स्वर ठरावीक असल्याने मींड व श्रुती हरपतात, हा मुख्य आक्षेप होता. स्टॅनच्या ध्वनिमुद्रणात ऐकू येणाऱ्या 'ऑटोट्यून' या तंत्राविषयी आज नेमका हाच आक्षेप घेतला जातो. आक्षेप खोटा नाही. परंतु ज्यांनी पेटीच्या साथीने भजने ऐकली, त्यांनी तो घेताना थोडे थबकावे.

निकषांचा प्रश्न

डॉ. अशोक रानडे यांनी भारतीय संगीताची आदिम, लोक, भक्ती, कला, जन आणि संगम अशी कोटिव्यवस्था मांडली. प्रत्येक कोटीचे प्रयोजन व निकष वेगळे, हे तिचे मर्म होय. ज्येष्ठ श्रोत्याची अडचण येथे आहे. तो जनसंगीतातील एका नव्या प्रकाराला भावगीताची मोजपट्टी लावतो. चाल गुणगुणता यावी, शब्द स्वच्छ उमटावा, आशय हळुवार असावा, या त्याच्या अपेक्षा. रॅपमध्ये चालीला दुय्यम स्थान आहे. तालाच्या चौकटीत बोलीचा वेग कसा खेळवला, यमक कोठे अडवले व कोठे सोडले, यावर जाणकार दाद देतो.

१९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील कृष्णवर्णीयांच्या वस्तीत हिप-हॉपचा उगम झाल्याचे मानले जाते. मात्र तालावर बोलणे ही आपल्याकडे आयात केलेली गोष्ट नव्हे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे खंजिरी भजन विदर्भाने पिढ्यान् पिढ्या ऐकले. त्यात थेट संबोधन आहे, ताल आहे आणि बोलण्याच्या अंगाने जाणारी गायकी आहे. कलगी-तुऱ्याच्या सवाल-जवाबात प्रतिपक्षाची खिल्ली आहे, स्वतःची बढाईही आहे. खडी गंमत पाहिलेल्या श्रोत्याला रॅपमधील द्वंद्व अगदीच परके वाटू नये.

राहिला थाटमाटाचा मुद्दा. स्टॅनच्या महागड्या बुटांची आणि गळ्यातील साखळ्यांची पुष्कळ टिंगल झाली. बालगंधर्वांच्या रंगमंचावरील भरजरी शालू, अत्तरे व त्यापायी झालेले कर्ज यांच्या कथा मात्र आपण कौतुकाने सांगतो. वैभवाचे प्रदर्शन दोन्हीकडे आहे. एकाला रसिकता व दुसऱ्याला उथळपणा म्हणताना आपण कलेचा निकष लावतो की प्रदर्शन करणाऱ्याची वस्ती पाहतो, हे तपासणे आवश्यक ठरते.

भाषा व वस्ती

सर्वांत तीव्र आक्षेप भाषेवर आहे. स्टॅनची भाषा पुण्यातील वस्तीची हिंदी. तिच्यात मराठी मिसळते, गल्लीतील खास शब्द येतात. 'वाता', 'खुजा मत' आणि 'तडीपार' या शीर्षकांतूनही हा बाज दिसतो. 'तडीपार' हा शब्द सुशिक्षितांनी वर्तमानपत्रात वाचलेला असतो. वस्तीला तो पोलीस ठाण्याच्या संबंधाने परिचित असतो. ही भाषा 'अशुद्ध' म्हणून बाजूला सारणाऱ्या मराठीच्या प्राध्यापकांनी एक गोष्ट आठवावी. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यातील कित्येक शब्द प्रतिष्ठित वाचकाला कळले नव्हते. प्रस्तावनाकार विजय तेंडुलकरांनी आपले न कळणे लपवले नाही. शब्दांचे अर्थ विचारले, तो परिसर कवीसोबत फिरून पाहिला. ज्येष्ठ रसिकाने नव्याला कसे सामोरे जावे, याचा हा आपल्या वाङ्मयव्यवहारातील वस्तुपाठ आहे. आज 'गोलपिठा' आपण वर्गात शिकवतो. मात्र बाकावरील विद्यार्थी कानात काय ऐकतो, हे विचारत नाही.

मर्यादा

याचा अर्थ स्टॅन ढसाळांच्या पंक्तीला बसतो असा नव्हे. ढसाळांचा संताप 'मी'ला ओलांडून समाजरचनेपर्यंत पोहोचतो. स्टॅनचा आवेश बहुधा स्वतःच्या विजयापाशी थांबतो : मी गरीब होतो, हिणवला गेलो, आता पाहा. वामनदादा कर्डकांच्या गीतांत व्यक्तीची उन्नती समूहाच्या मुक्तीशी जोडलेली असते. तो धागा येथे क्षीण आहे. अनेक गाण्यांतील शिवीगाळ व स्त्रीविषयीचे अवमानकारक उल्लेख वस्तीच्या वास्तवाचे कारण देऊन माफ करता येत नाहीत, कारण त्याच वस्तीत स्त्रियाही राहतात. थिओडोर अडोर्नो यांनी १९४१ मध्ये लोकप्रिय संगीताच्या साचेबद्धतेवर ठेवलेले बोटही येथे लागू पडते. बंडखोरीसुद्धा बाजारात साच्यातून निघू शकते. दूरचित्रवाणीने स्टॅनचे बंड विकले, हे नाकारण्यात अर्थ नाही.

परंतु ही टीका ऐकल्यानंतरची आहे, आणि म्हणूनच तरुण श्रोता ती ऐकून घेण्याची शक्यता आहे. न ऐकता केलेली टीका त्याला केवळ वडीलधाऱ्यांची नाराजी वाटते.

निष्कर्ष

१. ज्येष्ठांचे अनाकलन हा दोष नव्हे. प्रश्नाच्या रूपात टिकले तर ते समीक्षेचे पहिले पाऊल ठरते. तुच्छतेत रूपांतर झाले की समीक्षा तेथेच संपते.

२. रॅपचे मूल्यमापन ताल, बोली व यमकयोजना यांच्या आधारे व्हावे. खंजिरी भजन व शाहिरीच्या परिचयामुळे विदर्भातील श्रोत्याजवळ त्यासाठीची सामग्री आधीच आहे.

३. स्टॅनच्या गाण्यातील स्त्रीप्रतिमा व आत्मकेंद्रितता यांवर कठोर बोलणे आवश्यक आहे. ते बोलण्याचा अधिकार ऐकण्यातून येतो.

आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालयांत घरातून प्रथमच पदवीपर्यंत पोहोचलेले विद्यार्थी आहेत. आपण बोलतो ती भाषा 'अशुद्ध' आहे, हे त्यांनी शाळेपासून ऐकले आहे. आपल्यासारख्याच हिणवल्या गेलेल्या बोलीत कोणी उभे राहून जिंकतो, हे त्यांना स्टॅनमध्ये दिसत असेल, तर 'पोरांना यात आवडते काय' या प्रश्नाचे उत्तर काही अंशी आपल्या अध्यापनातच शोधावे लागेल.