केवळ घडणावळीचा अलंकार : क्रोशाच्या दागिन्यांची सद्यःस्थिती

सोन्याचा दागिना घ्यावयास आलेला आपल्याकडील गृहस्थ सराफाच्या पेढीवर बसला म्हणजे दोन रकमांचा हिशेब निरनिराळा मांडतो. पैकी वजनाची रक्कम अडीअडचणीच्या वेळी मोड म्हणून परत मिळणारी असल्यामुळे ती तो समाधानाने मोजतो, आणि घडणावळीची रक्कम मात्र कायमची गेली असे समजून तिच्याविषयी शेवटपर्यंत घासाघीस करीत राहतो. सुताचा, मण्यांचा किंवा तांब्याच्या बारीक तारेचा क्रोशाने विणलेला दागिना या हिशेबात बसत नाही. कारण त्याला मोड नाही, वजन जवळजवळ नाही, आणि त्याची जी काही किंमत आहे ती सर्वस्वी घडणावळीची, म्हणजे बोटांच्या कौशल्याची व घाट कल्पिणाऱ्या बुद्धीची आहे. ज्या अलंकारात धातूचे मोल कारागिराच्या उणिवांवर पांघरूण घालू शकत नाही, त्यात रचना फसली की सर्वच फसले. म्हणून या कलेचे परीक्षण अधिक काटेकोरपणे झाले पाहिजे. आज हे काम करणारे हात पुष्कळ आहेत आणि त्यांत सफाईही आहे. उणीव आहे ती रचनेची, आणि तिची कारणे या कलेच्या इतिहासात व व्यापारव्यवस्थेत शोधावी लागतात.

विणलेल्या दागिन्याचे एक मूळ आयर्लंडात आहे. 1845 ते 1849 या वर्षांत बटाट्याचे पीक कुजून त्या देशात जो भीषण दुष्काळ पडला, त्या काळी ख्रिस्ती जोगिणींच्या मठांनी, तसेच मोनाहन परगण्यातील क्लोन्स गावच्या धर्मोपदेशकाच्या पत्नी कॅसँड्रा हँड यांच्यासारख्या स्त्रियांनी, उपासमारीने गांजलेल्या कुटुंबांच्या हाती क्रोशाची सुई दिली. आणि वेनिसच्या महागड्या लेसचे रूप थोड्या वेळात साधणारी एक नवी पद्धती त्यातून उभी राहिली. गुलाब, तिपानी, द्राक्षाचा घोस अशी एकेक आकृती सुटी विणावयाची, जाड दोरा आत धरून त्याच्यावरून टाके घालीत तिला उठाव आणावयाचा, आणि मग या आकृती जाळीने एकमेकींस जोडावयाच्या, ही ती पद्धती. आजच्या कर्णभूषणांत सर्वत्र आढळणारे पदरापदराच्या पाकळ्यांचे फूल याच गुलाबाच्या वंशातले आहे. दुसरे मूळ तुर्कस्तानातील ओया या किनारीच्या कामात सापडते. डोक्यावरील रुमालाच्या कडेने सुईने, क्रोशाने, धोट्याने किंवा मणी ओवून फुलाफळांची जी बारीक माळ विणली जाई, तिच्यात तेथील स्त्री आपले मनोगतही विणीत असे. नवऱ्याशी बिनसलेल्या स्त्रीने मिरच्यांची किनार मिरवावी, असा तेथील संकेत प्रसिद्ध आहे. तीच किनार आज कंठी म्हणून विकली जाते. या दोन्ही परंपरांत आकृती परिसरातून आणि जीवनातून आली होती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आता सुताकडे वळू. सुती दोऱ्याला दागिन्याची योग्यता आणून दिली ती रसायनशास्त्राने. 1844 साली जॉन मर्सर या इंग्रज गृहस्थास दाहक सोड्याच्या द्रावणाने सूत बळकट होते व रंग अधिक धरते असे आढळले; पुढे 1890 मध्ये होरेस लो याने ती क्रिया सूत ताणून धरून केली, तेव्हा त्यास रेशमासारखी झळाळी आली. दहा नंबरापासून ऐंशी नंबरापर्यंत जसजसा आकडा वाढतो तसतसा दोरा बारीक होतो, आणि ऐंशी नंबरासाठी अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड टोकाची पोलादी सुई लागते. जपानमधील काही कलावंतांनी अशा दोऱ्याची नखाएवढी फुले विणून, ती रंगवून आणि कडक करून, वनस्पतीच्या अभ्यासाला शोभेल इतकी सूक्ष्मता साधली आहे. त्या कामाचा आदर करूनही असे म्हणावेसे वाटते की, सूक्ष्मता हा गुण आहे, रचना नव्हे; आणि आपल्याकडील अनुकरणांत सूक्ष्मताच ध्येय होऊन बसली आहे.

रचनेची खरी शक्यता टाक्यांच्या गणितात आहे. मध्यावर सहा मुके खांब घालून दर फेरीस सहा सहा वाढवीत गेल्यास सपाट चकती होते. वाढ कमी ठेवली तर वाटी होते, आणि अधिक केली तर काठ मावेनासा होऊन झालर उमलते. कॉर्नेल विद्यापीठातील गणितज्ञ डाइना टाइमिन्या यांनी 1997 मध्ये हेच तत्त्व धरून अपास्तीय (हायपरबोलिक) भूमितीतील पृष्ठभाग क्रोशाने विणून दाखविला, आणि कागदाच्या प्रतिकृतींत जे टिकत नव्हते ते विद्यार्थ्यांच्या हाती खेळविता येऊ लागले. म्हणून कर्णभूषणाची झालर ही मनाला येईल तशी केलेली सजावट नसून वाढीच्या प्रमाणाचा परिणाम आहे, आणि हे प्रमाण जिला कळले तिला दुसऱ्याच्या नमुन्याची गरज उरत नाही.

मण्यांच्या कामाची शिस्त याहून कडक आहे. दोर विणण्यापूर्वी सर्व मणी नक्षीच्या क्रमाने दोऱ्यात ओवून ठेवावे लागतात, आणि मग फेरीस पाच किंवा सहा मणी याप्रमाणे एकेका टाक्यागणिक एकेक मणी आत ओढीत पोकळ नळीसारखा दोर उभा करावा लागतो. ओवण्यात एक मणी चुकला तर पुढची सारी नक्षी सरकते. पहिल्या महायुद्धात इंग्रजांच्या कैदेत पडलेल्या तुर्की सैनिकांनी याच रीतीने मण्यांचे लांबलचक साप विणले, आणि त्यांपैकी कित्येकांच्या अंगावर आपण तुर्की कैदी आहोत ही अक्षरे व वर्षाचा आकडा मण्यांतच उमटविला. सापाच्या पाठीवरील चौकटी आणि दोराची मूळची नागमोडी फिरत यांचा मेळ त्यात इतका स्वाभाविक साधला आहे की, आकार आणि तंत्र यांपैकी आधी कोणते सुचले असेल हे सांगता येऊ नये. आजच्या बहुतेक मण्यांच्या दोरांत हा मेळ नसतो. एखादी सपाट नक्षी त्यांवर बसविलेली असते एवढेच.

तारेच्या कामात या कलेने सर्वांत मोठी झेप घेतली. अमेरिकेतील आर्लीन फिश यांनी 1961 पासून सॅन डिएगो येथील विद्यापीठात दागिन्यांच्या शिक्षणाचा पाया घातला, आणि 1975 मध्ये 'टेक्स्टाइल टेक्निक्स इन मेटल' हा ग्रंथ प्रसिद्ध करून विणकामाच्या, क्रोशाच्या आणि गुंफणीच्या क्रिया चांदी, सोने व तांबे यांस कशा लागू पडतात हे पद्धतशीरपणे दाखविले. तार सुताप्रमाणे क्षमाशील नाही. ती वारंवार वाकविल्याने ताठरते, उसविली तर मोडते, आणि तिचा प्रत्येक वेढा आपला वाकडेपणा कायमचा दाखवीत राहतो. फिश यांनी या ताठरपणाचाच उपयोग करून गळ्याभोवती स्वतःच्या बळावर उभ्या राहणाऱ्या, आतून प्रकाश जाऊ देणाऱ्या कॉलरी निर्माण केल्या. फेलिएके व्हान डेर लेस्ट या डच कलावतीने उलट दिशेने जाऊन खेळण्यातील प्लॅस्टिकचे प्राणी, क्रोशाचे सूत आणि सोनेचांदी यांना एकाच दागिन्यात आणून बसविले, व मौल्यवान काय आणि क्षुल्लक काय या आपल्या समजुतीलाच प्रश्न विचारला. या दोघींच्या कामात पदार्थाचा स्वभाव ओळखूनच घाट ठरलेला आहे.

मग आपल्या देशात, जेथे हाताला इतकी सवय आहे तेथे, असे का घडू नये? याचे एक उत्तर गोदावरीच्या मुखाशी असलेल्या नरसापूर येथे मिळते. मिशनऱ्यांच्या शिकवणीतून रुजलेल्या तेथील क्रोशालेसच्या धंद्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु मारिया मीस यांनी 1982 साली प्रसिद्ध केलेल्या त्या धंद्यातील स्त्रियांविषयीच्या अभ्यासग्रंथात जी व्यवस्था वर्णिली आहे, ती लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहे. निर्यातदार दलालामार्फत दोरा घरोघर पाठवी. एकीने फुले विणावीत, दुसरीने ती जोडावीत, अशी कामाची वाटणी असे. मजुरी नगावर आणि अत्यल्प मिळे. आणि माल परदेशी जात असूनही विणणारी स्त्री कामकरी न ठरता घरी बसलेली गृहिणी ठरे. जिने फूल विणले तिने पूर्ण वस्तू कधी पाहिली नाही, तिच्याकडून रचनेची अपेक्षा कशी करावी? क्रोशाचा टाका खऱ्या अर्थाने घालणारे यंत्र अजून प्रचारात नाही. म्हणून बाजारात क्रोशाची वस्तू स्वस्त मिळते, तेव्हा तो स्वस्तपणा कोणा तरी स्त्रीच्या अंगावरून वसूल झालेला असतो.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर अडचण निराळी आहे. आपल्या घरांत ताटावरचे रुमाल, दाराची तोरणे आणि बाळाची टोपडी यांत, आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांत लेसमध्ये, हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. दागिन्यातील धागाही आपल्याला नवा नाही, कारण ठुशी, चिंचपेटी किंवा मोहनमाळ गाठवून तिला गोंडा लावणारा पटवेकरी हा सोनाराइतकाच अलंकाराचा कर्ता होता. मोड नसलेल्या दागिन्याचेही आपल्याला वावडे नाही. संक्रांतीला नव्या सुनेच्या अंगावर हलव्याचे आणि डोहाळजेवणात गर्भवतीच्या अंगावर फुलांचे दागिने आपण कौतुकाने घालतो. असे असता बचतगटांच्या विक्रीच्या ओट्यांवर जी क्रोशाची ठुशी आणि क्रोशाची नथ मांडलेली दिसते, ती पिवळ्या दोऱ्याने सोन्याची बतावणी करते, आणि तेथेच हरते. ठुशीचे सौंदर्य गर्दीने बसलेल्या गोल मण्यांवरून परतणाऱ्या प्रकाशात आहे. सुताला झळाळी आणली तरी ते प्रकाश तसा परतवीत नाही, बराचसा पिऊन टाकते. सुताचे सामर्थ्य अन्यत्र आहे : तळहाताएवढे कर्णभूषण घातले तरी कानाची पाळी ओघळत नाही, जाळीतून त्वचेचा वर्ण दिसतो आणि तिची सावली मानेवर पडते, कंठी कापडासारखी अंगाच्या वळणाने पडते आणि घामेजली तर धुता येते. ही वैशिष्ट्ये रचनेचा आरंभबिंदू झाली पाहिजेत. त्याबरोबर कारागिरीच्या बारीक गोष्टींकडेही लक्ष हवे. डाख न दिलेल्या कडीच्या फटीतून दोरा निसटतो, साखरेच्या पाकाने कडक केलेले फूल कोकणच्या पावसाळ्यात चिकट होऊन लोळते, आणि अशा एका अनुभवाने गिऱ्हाईक या कलेलाच कच्ची ठरविते.

या स्थितीवरचा उपाय आणखी नमुने वाटण्यात नाही. जिथे क्रोशा शिकविला जातो तिथे त्याबरोबर रेखाटन व टाक्यांचे गणित शिकविले जावे. कलाशिक्षणसंस्थांनी धातूकाम आणि विणकाम यांच्यामधली भिंत काढून टाकावी. प्रत्येक दागिन्यासोबत रचनाकर्तीचे नाव आणि विणण्यास लागलेले तास लिहिलेली चिठ्ठी असावी, म्हणजे ग्राहकास किंमत समजेल आणि कर्तीस आपल्या रचनेची जबाबदारी पत्करावी लागेल. वृत्तपत्रे व मासिके यांनी या कामाची दखल घेताना बायकांचा फावल्या वेळचा उद्योग म्हणून कौतुकाचे चार शब्द न लिहिता, शिल्पाची किंवा चित्राची करतात तशी चिकित्सा करावी. कौतुकाने या कलेचे पुष्कळ नुकसान झाले आहे. तिला आता योग्य मजुरी आणि निर्भीड परीक्षण या दोहोंची सारखीच गरज आहे, आणि यांपैकी एक देऊन दुसरे नाकारणारा समाज तिच्याकडून श्रेष्ठ रचनेची अपेक्षा करण्याचा हक्क गमावतो.