भूत कोणी केले?

भुताखेतांचा अ‍ॅनिमेशनपट म्हटला की आपल्याकडे दोन आक्षेप ठरलेले असतात. मुलांना घाबरवू नका, हा पहिला. अशाने अंधश्रद्धा वाढते, हा दुसरा. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली ज्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला, तेथे हा दुसरा आक्षेप हसण्यावारी नेता येणार नाही. तरीही आमचे म्हणणे असे की, चांगला भयपट अंधश्रद्धेच्या विरोधात उभा राहू शकतो. कसोटी एकच. तो नुसते भूत दाखवतो, की या माणसाला भूत कोणी केले, हेही विचारतो?

‘पॅरानॉर्मन’ (२०१२) हा बाहुल्यांचा अमेरिकी चित्रपट या कसोटीला उतरतो. नॉर्मन नावाच्या मुलाला मेलेली माणसे दिसतात. गावाला एका चेटकिणीचा शाप आहे आणि गाव त्याच चेटकिणीच्या नावावर धंदाही करते. थडग्यांतून प्रेते उठतात तेव्हा मुले दचकतात, खिदळतातही. पुढे कळते, ती चेटकीण म्हणजे एक लहान मुलगी होती. घाबरलेल्या न्यायाधीशांनी तिला फाशी दिले. उठलेली प्रेते त्याच न्यायाधीशांची! आता हत्यारे घेऊन त्यांच्या मागे धावणारा जमाव त्यांच्यापेक्षा भयंकर दिसू लागतो. मधल्या पाठलागात विनोद जरा ताणला आहे. पण मुलांना भुताची गोष्ट मिळते आणि मोठ्यांना जमावाची. बाहुलीचा चेहरा खोटा असल्याने मुलाला भीती पेलते आणि त्याच अंतरामुळे मोठ्यांना स्वतःकडे पाहता येते.

आपल्याकडचे उदाहरण ‘गोपी गवैया बाघा बजैया’चे. उपेंद्रकिशोर राय यांची ही बंगाली कथा सत्यजित राय यांनी १९६९ साली पडद्यावर आणली होती. मुंबईच्या आयआयटीत शिकवणाऱ्या शिल्पा रानडे यांनी २०१३ साली तिचा अ‍ॅनिमेशनपट केला. आपल्या चित्रपटगृहांत यायला त्याला २०१९ उजाडले. बेसूर म्हणून माणसांनी हाकललेल्या दोघांना येथे भुतांचा राजा जवळ करतो. रंग-रेषा आपल्या मातीतल्या आहेत. मात्र वर देऊन भुते बाजूला होतात. ती कोण होती, हे विचारले जात नाही.

हा प्रश्न मराठीत फार जवळचा आहे. आपल्या भुतांना जात आहे, धर्म आहे. मुंजा हा ब्राह्मणाचा मुलगा. आणि खवीस? जुन्या मराठी समजुतीप्रमाणे तो मुसलमानाचे भूत. शब्द अरबी ‘खबीस’वरून आला, अर्थ दुष्ट. शेजारी जिवंत असेपर्यंत चाचा आणि मेल्यावर खवीस! उद्या कोणी मराठी अ‍ॅनिमेटर खवीस रंगवेल, तेव्हा त्याला दाढी-टोपी चढवून मोकळा होईल, की त्याचे नाव-गाव विचारील? पहिल्या चित्राने बालमनात जे बसेल, ते पुढे दहा भाषणांनी निघणार नाही.

माणसांना भूत करण्याची आणखी एक रीत आहे, त्यांना नकाशावरून पुसण्याची. आम्ही राहतो त्या मुळशीत टाटांच्या धरणाखाली गावे बुडाली. मुंबईला वीज हवी होती. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्यासह मावळ्यांनी १९२१ ते १९२४ या काळात सत्याग्रह केला, धरण झालेच. आज पर्यटक त्या पाण्याचे फोटो काढतात. खालच्या उंबऱ्यांची आठवण कितीजणांना असते?

या पाण्यातून एखादे भूत वर आले आणि आपले घर शोधू लागले, तर मुले आधी घाबरतील आणि मग विचारतील, ‘याचं घर कुठं गेलं?’ शेजारी बसलेल्या मोठ्यांना उत्तर द्यावे लागेल. असा चित्रपट मराठीत निघावा आणि त्यात खवीसालाही एक घर मिळावे, एवढीच आमची मागणी आहे.